केरसाहेबांचा सत्कार

मारहाणीच्या तक्रारी दाबल्याचं पेपरात आलं, जुना पोलीसप्रमुख घरी बसला आणि मग सगळ्यांना जनतेचा पुळका आला. नवा प्रमुख नेमणार वेलिंग्टनचं सरकारच, पण आधी शहरातल्या पुढाऱ्यांचं मत घ्यायचं ठरलं. मेयरबाई, चर्चचे पाद्री, एक माओरी आजोबा आणि आपल्या मराठी लोकांच्या वतीने सुनेत्रा.

सुनेत्रा गेली ती नीलांबरीसाठी. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती पोर सुनेत्राकडे लपून राहत होती. ती लांब मनुरेवा उपनगरात मैत्रिणीकडे गेलीय, असं मराठी मंडळात पसरवलं होतं. तिची तक्रार कोणीतरी परस्पर बंद केली होती. ती पुन्हा उघडायची तर नवा साहेब धड हवा.

शेवटचा उमेदवार केर, इथल्याच ठाण्याचा अधिकारी. हसरा, गोडबोल्या. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्याने पडद्यावर फोटो दाखवला. "मराठी लोकांचा माझ्यावर किती विश्वास आहे बघा."

गणपतीतला फोटो. केरच्या हातात नारळ, खांद्यावर शाल. काय ही हौस आपल्या मंडळींना! युनिफॉर्म दिसला की शाल-श्रीफळ तयार! शाल पांघरवत होता मंडळाचा अध्यक्ष श्रीनाथ, म्हणजे नीलांबरीचा नवरा. मागे ती आरतीचं ताट घेऊन उभी होती. त्याच आठवड्यात तिने तक्रार केली होती.

सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा शाल घालणाराच मागच्या त्या पोरीला मारायचा! तक्रार तुम्हीच बंद केलीत ना?"

केरचं हसू तसंच. "श्रीनाथ म्हणाला, वडीलधारे मिटवतील. मी तुमच्या रीतीचा मान राखला."

"कसली डोंबलाची रीत!"

मेयरबाईंनी हळूच विचारलं, "ती तुमची कोण?"

"कोणी का असेना! माझ्या घरी राहते ती, रात्र रात्र झोपत नाही!"

"मग नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. उद्या कोणी पक्षपात म्हणायला नको."

पाद्रींनी पुढ्यातला कागद उलटला. माओरी आजोबा उठून दारापर्यंत आले. "मी ऐकलंय, पोरी," ते म्हणाले. पण तिघांत त्यांचं मत एकच होतं.

पुढच्या आठवड्यात केरची नेमणूक जाहीर झाली. मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडला. त्यातच श्रीनाथचा मेसेज फक्त सुनेत्राला आला. 'नीलांबरी तुमच्याकडे सुखरूप आहे, हे केरसाहेबांकडून कळलं. उपकार झाले. रविवारी न्यायला येतो.'

सुनेत्राने मेसेज पुन्हा वाचला. आपल्याच तोंडाने सांगून आलो की!

नीलांबरीने तिच्या हातातून फोन घेतला, वाचला आणि परत दिला.

"ताई," ती म्हणाली, "तो आला की आता पोलिसांना बोलवायचं का?"