तपासणीत दोष आढळला नाही

नारायणरावांनी झाशीच्या रेल्वेत तेहतीस वर्षं सिग्नल सांभाळले. त्यांची स्वतःची एक रीत होती. सिग्नल बिघडला की साहेब यायच्या आत गुपचूप दुरुस्त करायचा आणि रजिस्टरात लिहायचं, 'तपासणीत दोष आढळला नाही. आपोआप ठीक झाले.' या वाक्याच्या जोरावर त्यांनी दोन बढत्या घेतल्या होत्या.

त्यामुळे बायकोचा, कांचनबाईंचा, डावा डोळा सुजून पुढे आला, आतून ठणकू लागला आणि एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा त्यांनी सवयीने दुरुस्ती केली. त्यांच्या स्वतःच्या दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या.

"व्हिटॅमिन आहे, घे," ते म्हणाले.

चार दिवसांत डोळा जागेवर! सीपरी बाजारातल्या शेजाऱ्यांना त्यांनी हे दोनदा सांगितलं. गोळ्या थांबल्या, डोळा सुजला. गोळ्या पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला गोळ्या चालू असतानाच कपाळ बधिर पडलं, तेव्हा मात्र इलाइट चौराह्याजवळच्या डॉ. क्षमांकडे जावं लागलं.

एमआरआयची फिल्म उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "अजीब है, अंकलजी. तकलीफ इतनी, और सूजन दिखती ही नहीं."

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या खोबणीत काहीतरी आहे आणि ते मागे मेंदूच्या आवरणाकडे सरकतंय. नुसती दुर्मीळ सूज असेल, बुरशी असेल, नाहीतर गाठ. सुजेला जे औषध, तेच बुरशीला खतपाणी.

"आंटीजी, कोई स्टेरॉइड तो नहीं लिया?"

"छे! सिर्फ व्हिटॅमिन. हे देतात ना, अगदी आठवणीने," कांचनबाई कौतुकाने म्हणाल्या.

नारायणराव छताच्या पंख्याकडे बघत राहिले. पंख्यात काही दोष नव्हता.

परतताना ऑटोत कांचनबाई त्यांच्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही दोन दिसताय. एकच झेपत नव्हता मला." मग जरा निरखून म्हणाल्या, "दोघंही घाबरलात की काय?"

"भैया, वापस लो," नारायणराव ऑटोवाल्याला म्हणाले.

खिशातली गोळ्यांची पट्टी त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "व्हिटॅमिन नाही, हे होतं. फोटो काढला तेव्हाही चालू होतं. सूज दिसत नाही, कारण मी दाबून ठेवली." हे ते मराठीतच बोलून गेले. डॉक्टरांना पट्टी पाहूनच कळलं आणि कांचनबाईंना सगळंच कळलं.

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "अब दस दिन एक भी गोली नहीं. फिर नया एमआरआय, फिर टुकड़ा निकालकर जाँच."

ते दहा दिवस कांचनबाईंनी दात आवळून काढले. नारायणराव गार पाण्याच्या घड्या ठेवत राहिले. त्या घड्या ठेवू देत, पण बोलत नव्हत्या.

तपासणीत बुरशी निघाली नाही, गाठही नाही. निघाली ती दुर्मीळ सूज. औषध तेच, फक्त मापाने, महिनोन्महिने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. ठणका गेला. डावीकडे बघताना मात्र एकाचे दोन दिसणं राहिलं. "एक महीना पहले आते तो..." म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं होतं. नारायणराव ते रोज पुरं करतात.

सकाळी ते पाणी आणि गोळी घेऊन येतात. कांचनबाई मुद्दाम डावीकडे बघतात.

"काय आहे हे?"

"स्टेरॉइड."

"दोघांनीही सांगा."

नारायणराव पुन्हा सांगतात. मगच त्या गोळी तोंडात टाकतात.