पौर्णिमेआधीचा गुरुवार

कुसुमलता हल्ली सकाळी उठली की चूल पेटवत नसे. आधी ती स्वतःच्याच घराची झडती घेई. उशा झटके, कौलांखाली काठी फिरवी, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपून बघे. कुणी गांजाची पुडी तर ठेवून गेलं नाही ना? तिच्या नवऱ्याला, पियसेनला, ठाण्यातून सोडताना धाकट्या फौजदाराने हसत हसत सांगितलं होतं, "घरी जा आणि गप्प राहा. तोंड उघडलंस तर तुझ्या घरात पुडी सापडेल. सापडेल म्हणजे सापडेलच!"

तेव्हापासून त्या घराची पाचावर धारण बसली होती. रस्त्यावर जीप वाजली की कुसुमलताच्या हातातलं भांडं खाली पडायचं.

पियसेन नारळ पाडणारा. गल्वेव गावातली निम्मी झाडं त्याच्या ओळखीची. पोसोन, म्हणजे ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, एका बागवाल्याच्या विहिरीवरचा पंप नाहीसा झाला. आदल्या आठवड्यात त्या बागेत नारळ कुणी पाडले? पियसेनने! एवढ्यावर त्याला उचललं. न्यायाधीशासमोर उभं न करता दोन दिवस कोंडलं, हात मागे बांधून तुळईला टांगलं आणि मारलं. पंप सापडला तो बागवाल्याच्या भाच्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पियसेन घरी आला, पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नारळ पाडणाऱ्याचा हातच गेला, तर मागे राहतं काय?

सरकारी दवाखान्यात त्याला नेलंच नाही. तिथला डॉक्टर विचारणार, कसं झालं? त्यापेक्षा हाडवैद्याचं तेल बरं. शेजारीपाजारी म्हणाले, "कुसुम, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आपण बरे, आपलं घर बरं." एकदा पियसेन हळूच बोलला होता, "कोलंबोला थेट मोठ्या कोर्टात अर्ज करता येतो म्हणे." कुसुमलताने घाईघाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प बसा हो! भिंतींनाही कान असतात. पुढची, एसळ पौर्णिमा जवळ आलीय. मी देवळात नारळ फोडते, पौर्णिमा होऊ दे, मग बघू."

वाचकहो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण म्हणतो. इथे बुक्क्या फौजदाराच्या होत्या, पण तोंड दाबणारा हात घरचाच होता.

बुधवारी, देवळात पूजा असते त्या वारी, ती विहाराच्या आवारातल्या हूनियम देवाकडे गेली. या देवापुढे नारळ फोडतात तो नवसाचा नसतो. ज्याने छळलं त्याचं नाव घेऊन आपटायचा, म्हणजे त्याचं वाटोळं होतं. कुसुमलताने नारळ डोक्यावर धरला आणि ओठांतल्या ओठांत फौजदाराचं नाव घेतलं. तेवढ्यात शेजारून तेच नाव ऐकू आलं, मोठ्याने, हुंदक्यांसकट!

ती वरच्या आळीची रणमेनिके होती. म्हातारीचा नारळ अजून हातातच होता.

"अक्का, तुम्ही? त्याच्याच नावानं?"

"कालपासून माझा पोरगा लसंत ठाण्यात आहे गं! कुणाचीतरी सायकल म्हणे. मी गेले होते पाया पडायला. म्हटलं, साहेब, मारू नका, मी वरपर्यंत जाईन. तर हसला. म्हणाला, 'म्हातारे, त्या पियाला विचार. त्याला टांगला, काय केलं त्यानं? नारळ पाडणाऱ्याला जमलं नाही ते तुला जमणार होय?'"

कुसुमलताने डोक्यावरचा नारळ खाली घेतला. आपण गप्प बसलो ते आपलं घर वाचावं म्हणून. आणि त्याच गप्प बसण्याचा दाखला देऊन तो आता दुसऱ्याच्या लेकराला टांगतोय!

बोधिवृक्षाखाली झाडत असलेले भंते रेवत झाडू टेकवून उभे राहिले. वय सत्तरीचं, जीभ मात्र विशीतली.

"दोन नारळ, एक फौजदार," ते म्हणाले. "देवाची पंचाईत केलीत बायांनो. कुसुम, पियाला कधी नेलं होतं?"

"पोसोन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भंते. ही पौर्णिमा झाली की बघू म्हणतोय."

"काय बघणार? कपाळ? अगं, मूलभूत हक्क मोडला तर सर्वोच्च न्यायालयात अर्ज करायला महिन्याची मुदत असते. तुझा महिना शनिवारी भरतो. पौर्णिमा शुक्रवारी, म्हणजे सुट्टी. पुढे शनिवार-रविवार. कोर्ट उघडं उरलं फक्त उद्या!"

"उद्या?" तिने विचारलं. "सोमवारी गेलं तर?"

"एखादा न्यायाधीश समजून घेईलही. पण समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? देवाला मुदत नसते, पोरी. तो पुढच्या जन्मीही न्याय करील. हक्काला मुदत असते."

"पण भंते, शहाण्यानं कोर्टाची पायरी..."

"ही म्हण ज्यानं काढली तो एखाद्या फौजदाराचा मेहुणा असणार!" भंते कडाडले. "बांधाच्या भांडणात ती खरी असेल. इथे माणूस टांगलाय, माणूस! देशाच्या राज्यघटनेत लिहिलंय की कुणाचाही छळ करता येणार नाही. ते वाक्य पुस्तकात झोपून राहावं, हीच तर त्या फौजदाराची इच्छा आहे. त्या वाक्याला उठवायचं कुणी?"

"आणि पुडी? ती घरात टाकली तर?"

खोटा धीर देणारे भंते नव्हते. "भीती खरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण विचार कर. आज पुडी सापडली तर कोण विचारणार? कुणी नाही. अर्ज दाखल झाल्यावर सापडली, तर न्यायाधीशच विचारतील, हिच्याकडे ही आत्ताच कशी आली?"

त्यांच्या रविवारच्या धम्मशाळेत शिकलेली सुनेत्रा कोलंबोत वकील होती. भंतेंनी फोन लावून कुसुमलताच्या हातात दिला. पलीकडून भराभर सूचना आल्या. "अक्का, तुम्ही जिवंत माणसाची बायको. तुमच्या सहीनं चालणार नाही, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र पियसेन मामांचंच हवं. आज त्यांना सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला खरं ते सांगा. तिथली नोंद हाच मोठा पुरावा. कुठल्या वेळी, कुणी, कशानं मारलं ते सगळं आठवून ठेवा. एखाद्याचं नाव माहीत नसेल तर तो दिसायला कसा होता ते सांगा. मानवाधिकार आयोगाकडेही तक्रार आजच करा, महिन्याच्या आत केली की तिथल्या चौकशीचा काळ मुदतीत धरत नाहीत. फीची काळजी नंतर. आणि रणमेनिके अम्मांना सांगा, लसंत आत असला तरी त्याच्या वतीनं वकिलाला अर्ज करता येतो. मी आत्ताच ठाण्यात फोन करते."

कुसुमलताने नारळ देवापुढे ठेवला. फोडला नाही.

घरी पियसेन ओट्यावर बसला होता. ती म्हणाली, "उठा. दवाखान्यात जायचंय. उद्या कोलंबो."

तो बघतच राहिला. "मी म्हटलं तेव्हा तूच तोंड दाबलंस ना?"

"हो, मीच दाबलं. चुकलं माझं. आता उठा, नाहीतर लसंतचाही हात जाईल."

दवाखान्याच्या वाटेवर मागून जीप आली. दोघं खड्ड्याच्या कडेला सरकून उभी राहिली. जीप निघून गेली, पाटबंधारे खात्याची निघाली, तरी कुसुमलता वळून वळून मागे बघत राहिली.

तरुण डॉक्टरने खांदा दाबून पाहिला. "कसं झालं हे?"

दाराशी एक पोलीस शिपाई दुसऱ्याच कुठल्या कामासाठी उभा होता. पियसेनची नजर त्याच्यावर गेली आणि शब्द पालटले. "झाडावरून... झाडावरून पडलो, डॉक्टर. नारळ पाडतो मी."

किती सोपं उत्तर! नारळ पाडणारा झाडावरून पडला, कुणाला खोटं वाटेल? डॉक्टरने लिहायला पेन उचललंसुद्धा.

"खोटं आहे!" कुसुमलता ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पंधराव्या वर्षापासून चढतोय हा माणूस, एकदाही पडला नाही! पोलिसांनी टांगून मारलंय त्याला. लिहा डॉक्टर, पोलिसांनी!"

शिपायाने मान खाली घातली. डॉक्टरने पियसेनकडे पाहिलं, "हे खरं?" पियसेनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने होकारार्थी मान हलवली. डॉक्टरने मनगटावरचे दोराचे वण नीट पाहिले आणि एकेक लिहून घेतले.

परतताना दोघांनी आयोगाच्या कार्यालयात तक्रारही नोंदवली.

गुरुवारी पहाटेच्या बसने भंतेही बरोबर आले. कोलंबोतल्या हल्फ्ट्सडॉर्पला, कोर्टाशेजारच्या गल्लीत काळ्या कोटांची गर्दी, पियसेन बावरून गेलेला. सुनेत्राने प्रतिज्ञापत्र एकेक ओळ वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्याने दुरुस्ती सांगितली. सही करायला हात उचलेना, तेव्हा कुसुमलताने त्याच्या कोपराखाली आपला हात धरला. ज्या हाताने तिने त्याचं तोंड दाबलं होतं, तोच. दुपारी कोर्ट बंद होण्याआधी अर्ज दाखल झाला. त्याच सुमारास रणमेनिकेचा फोन आला, लसंतला न्यायाधीशापुढे उभं केलं होतं. अंगावर वळ होते, पण हात शाबूत होते.

शुक्रवारी, एसळ पौर्णिमेच्या सकाळी, फाटकापाशी जीप थांबली. ती मात्र खरीच ठाण्याची होती.

"काय पिया," फौजदार आतूनच म्हणाला, "कोलंबोची हवा मानवली का?"

कुसुमलता पुढे झाली.

"मानवली, साहेब. तुमचंही नाव नोंदवून आलोय तिथं. आता आमच्याकडे काही सापडलं, तर ते कुणी ठेवलं हे न्यायाधीश विचारणार आहेत."

फौजदाराचं हसू मावळलं. शेजारची चार दारं उघडली होती, माणसं बाहेर येऊन बघत होती. त्याने जीप वळवायला सांगितली.

निकाल लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पियसेनचा हात अजून खांद्याच्या खालीच आहे आणि त्या घरातली भीती एका दिवसात जाणारी नाही. पण वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा: हक्क राज्यघटनेत लिहिलेला असतो, पण तो मागायला आपल्यालाच जावं लागतं आणि मुदतीत जावं लागतं. आपण गप्प बसलो की आपलं घर वाचत नाही, शेजारचंही जातं.

त्या सकाळी कुसुमलताने तांदळाच्या डब्यात हात घातला, तो विहारात द्यायच्या भातासाठी.