दोन सावल्या, एकच वलय

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल इतका भरला होता की जिन्यातही माणसं उभी होती. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने एकच फोटो टाकलेला. दरीत साचलेलं पांढरं धुकं, त्यावर सप्तरंगी वलय, आणि वलयाच्या मधोमध हात पसरलेली एक काळसर आकृती. लोक रांगेने पुढे जात, भिंतीला कपाळ टेकवत आणि डोळे पुसत परत येत. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाची सावली फोटोवर पडत होती, पण सावल्यांकडे बघायला तिथे कोणाला सवड होती?

बाजूच्या खुर्चीत बाबा बसले होते. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही. मनातल्या मनात मी त्यांना वलयबाबा म्हणते. "विज्ञान जिथे दमून खाली बसतं, तिथून आमचं काम सुरू होतं," ते सांगत होते. "ही आत्म्याची कंपनं आहेत. ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच ती दिसतात." आपलं मन अस्वच्छ आहे असं भर हॉलमध्ये कोण कबूल करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या रांगेत लिफ्टवाले काका बसले होते. फोटो त्यांनीच काढला होता. ती आकृती म्हणजे मागच्या वर्षी गेलेली त्यांची बायको, असं बाबांनी जाहीर केलं होतं.

हे प्रकरण सुरू झालं आमच्या भांडणातून. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी त्याच्याच वरच्या खोलीत एकटी राहते. दर रविवारी आम्ही काही हौशी मंडळी ड्रोन उडवतो आणि महिन्यातून एकदा फोटोंची स्पर्धा घेतो. बक्षीस म्हणून एक चेपलेला कप आहे, तोही पुढच्या महिन्यात परत आणून द्यायचा. तरी गुणांवरून आमची अशी जुंपते, की बघणाऱ्याला वाटावं भावाभावांत वाटण्या चालल्या आहेत.

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर ड्रोन घेतला. काकू नेहमी सोबत यायच्या, ड्रोनची पेटी मांडीवर घेऊन बसायच्या. ड्रोन जरा उंच गेला की म्हणायच्या, "पुरे, खाली घ्या." आणि काका मुकाट्याने खाली घ्यायचे. काकू गेल्यावर काका एकटे येऊ लागले. त्यांचा ड्रोन आता फार उंच जायचा, आणि आम्ही कोणीच काही म्हणायचो नाही.

हा धुक्याचा फोटो त्यांनी स्पर्धेला दिला तेव्हा परीक्षक दोघं होतो, मी आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टर बाबांचे भक्त. त्यांनी दहापैकी दहा दिले. मी चार दिले आणि कारण सांगितलं, की वलय सुंदर आहे, पण कोपऱ्यात गेलंय आणि मध्ये तुमच्याच ड्रोनची सावली पडली आहे. डॉक्टर भडकले. दैवी प्रकाशाला चार गुण देणारी मी कोण, असं म्हणून त्यांनी रीतसर तक्रार केली आणि तावातावाने फोटो बाबांकडे नेला. बाबांना आयतंच कोलीत मिळालं.

पुढचं मला काकांच्या मुलीकडून कळलं. ती नोकरीसाठी दूर राहते. पपा फोनच उचलत नाहीत, म्हणून तिने माझ्या दुकानात फोन केला. शंका घेणाऱ्याच्या आवाजाने वलय फाटतं, म्हणून मुलीशी बोलू नका, असं बाबांनी बजावलं होतं. राहतं घर येत्या सोमवारी बाबांच्या केंद्राच्या नावावर होणार होतं आणि काका केंद्रात राहायला जाणार होते. "घराचं जाऊ दे हो," ती म्हणाली, "पण आई गेली आणि आता पपाही गेल्यासारखे झालेत."

म्हणून मी त्या हॉलमध्ये आले होते. आमच्या मंडळाचा एक नियम आहे. एकाने कॉम्प्युटरवर पक्ष्यांचा थवा चिकटवून कप पटकावला होता, तेव्हापासूनचा. तक्रार आली तर फोटो त्याच जागी, सगळ्यांदेखत पुन्हा काढून दाखवायचा. मी उभी राहिले आणि डॉक्टरांची तक्रार अजून बाकी असल्याची आठवण करून दिली. डॉक्टर तर तयारच होते. बाबाही हसून हो म्हणाले. फुकटात जाहिरात कोणाला नको असते?

रविवारी सकाळी आम्ही टेकडीवर जमलो. सूर्य पाठीशी, दरीतलं धुकं पायाशी. काकांनी ड्रोन धुक्यावर नेला आणि रिमोटच्या स्क्रीनवर वलय उमटलं. भक्तांनी हात जोडले. मी काकांच्या शेजारीच होते, म्हणून त्यांचं पुटपुटणं मला ऐकू आलं.

"आलीस का?"

 क्षणभर वाटलं, राहू दे, आपलं काय जातं? मग मुलीचा आवाज आठवला आणि मी माझा ड्रोन वर सोडला. माझ्या स्क्रीनवरही तसंच वलय, मध्ये तशीच सावली. बाबा म्हणाले, काकूंची ताईंवरही माया असणार. हे ऐकून डॉक्टरांनी उत्साहाने स्वतःचा ड्रोन उडवला. त्यांनाही वलय दिसलं.

"पाहिलंत? तुमची दिवंगत पत्नी," बाबांच्या तोंडून निसटलं.

"माझी बायको ही काय, इथे उभी आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग मातोश्री."

"आई घरी आहे. गुडघे दुखतात म्हणून आली नाही."

मग बाबांनी पूर्वज काढले. पूर्वजांचं हे बरं असतं, त्यांना फोन करून विचारता येत नाही.

मी माझा ड्रोन काकांच्या ड्रोनशेजारी नेऊन थांबवला आणि विचारलं, "काका, आता सावल्या किती?"

"दोन."

"वलय कोणाभोवती आहे?"

"एकीभोवतीच. माझ्या ड्रोनच्या."

मी माझी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्याच दोन सावल्या, पण वलय दुसरीभोवती, माझ्या ड्रोनच्या सावलीभोवती. डॉक्टर एकदा ही स्क्रीन बघत, एकदा ती. मी सांगितलं, की धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ऊन त्यांच्यावर पडतं आणि त्यातलं थोडं रंगांत विखरून आलं त्याच दिशेला मागे फिरतं. म्हणून ज्याच्या पाठीशी सूर्य आणि पुढ्यात धुकं, त्याला स्वतःच्याच सावलीभोवती वलय दिसतं. शेजारच्याच्या सावलीभोवती दिसत नाही. आणि ते पसरलेले हात नीट मोजा, चार भरतील. ड्रोनचे पंखे त्यांच्यावरच बसवलेले असतात.

डॉक्टरांनी मोजले. माणूस भोळा असला तरी खोटा नव्हता. "चार आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि आपली तक्रार मागे घेतली.

श्रद्धेला चष्म्याचा नंबर नसतो, असा मला टोला मारून बाबा गाडीत जाऊन बसले. गर्दी हळूहळू पांगली. दोघेतिघे तरीही जाताना धुक्याला नमस्कार करून गेलेच.

काका मात्र तिथेच उभे होते.

"म्हणजे इतके दिवस मी माझ्याच सावलीशी बोलत होतो," ते म्हणाले.

 त्यांच्याकडे होतं ते मी काढून घेतलं होतं, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्याही खोलीत संध्याकाळी मी रेडिओशी बोलते, पण हे त्यांना सांगून काय होणार होतं?

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या स्क्रीनवर मी दिसतो का हो, ताई?"

"दिसता. ही काय तुमची सावली."

"वलय नाही."

"नाही. ते मला फक्त माझ्याभोवती दिसतं. पण तुम्ही दिसता."

ते बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या रिमोटवर बॅटरी संपत आल्याचा आवाज सुरू झाला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "पुरे, काका. खाली घ्या."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. मग त्यांनी ड्रोन अगदी अलगद खाली घेतला.

टेकडी उतरताना त्यांनी मुलीला फोन लावला. तिने लगेच उचलला. सोमवारी आपण सही करणार नाही, एवढंच ते कसंबसं बोलले आणि मग नुसतेच ऐकत राहिले. मी चार पावलं मागे राहिले.

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकच करा. शेजारी कोणाला तरी उभं करा आणि त्याला काय दिसतं ते विचारा. एकट्या माणसाला हे जड जातं, मला माहीत आहे. शेजारी कोणी नसतं, म्हणून तर बाबा लोकांचं फावतं. जो तुम्हाला चमत्कार दाखवतो आणि वर आपल्या माणसांशी बोलू नका म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. आणि शेजारी उभं राहायला कोणीच नसेल, तर रविवारी आमच्या टेकडीवर या. ड्रोन नसला तरी चालेल. काका हल्ली नव्या माणसाला आपला देतात.

फोटोचे गुण वाढवून देऊ का, असं मी त्यांना विचारलं होतं. "चारच राहू द्या," ते म्हणाले. "कोपऱ्यात गेलंय खरं."