खांबावरचा स्तामेन

गल्लीत दिवा यावा म्हणून झोर्नित्साने नगरपालिकेत किती खेटे घातले, विचारू नका. अंधारामुळे चोऱ्या होतात असं सगळेच म्हणायचे. आणि मामाने तर सांगूनच टाकलं होतं, आता अजून एक घर फुटलं की वित्का आजीला वृद्धाश्रमात ठेवणार. आजीशिवाय झोर्नित्साला होतं कोण?

तर आला दिवा, पांढराफक्क. आणि चोऱ्या वाढल्या की.

कारण ते खांबावरचे कागद. कोणी गेलं की त्याचा फोटो, नाव, पत्ता, कबरीवर कधी जमायचं, सगळं तिथे चिकटवायचं. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी आणखी एक. आधी अंधार पडला की अक्षर दिसायचं नाही. आता चोराने खुशाल उभं राहून वाचावं, कुठलं घर कधी रिकामं.

कागद काढू या म्हटलं तर आजी ऐकेना. म्हणे, तो पावसाने काढायचा, माणसाने नाही.

मग झोर्नित्साने डोकं लढवलं. जुन्या बाजारात कुणा म्हाताऱ्याचा फोटो मिळाला, त्याचं नाव ठेवलं स्तामेन. पत्ता गल्लीच्या टोकाच्या ओसाड घराचा, चाळिसावा दिवस शनिवारी सकाळी, असा कागद करून खांबावर चिकटवला. शनिवारी शेजारचे गेनचो काका आणि ती कुंपणामागे दबा धरून बसले.

"पोरी, तुझा स्तामेनच आधी पोचला तर?" काका हसत म्हणाले.

चोर आला, आत शिरला, आणि लगेच किंचाळत बाहेर. थेट काकांच्या मिठीत. काकांना सोडेचना तो.

"आत म्हातारा बसलाय. माझे गहू कुठेत म्हणतोय."

गहू म्हणजे मेलेल्याच्या नावाने उकडून वाटतात ते, साखर घातलेले. ते कोण करणार होतं? आत जाऊन बघितलं तर कोणी नाही. टेबलावर बोटभर धूळ, आणि एकच खुर्ची बाहेर ओढलेली.

चोऱ्या थांबल्या. मामानेही वृद्धाश्रमाचा विषय सोडला. झोर्नित्सा तर विसरूनसुद्धा गेली.

आणि सहा महिन्यांनी, दिवा लागता लागता, खांबावर नवा कागद दिसला. स्तामेनचाच फोटो. गल्लीत विचारलं, कोणीच लावला नव्हता. आणि पत्ता आता वित्का आजीच्या घराचा.

झोर्नित्सा धावत घरी आली. आजीने चुलीवर गहू चढवलेच होते.

"हाक मारलीस ना त्याला?" आजी मागे न बघता म्हणाली. "मग खुर्ची ओढून ठेव."