नणंदेच्या शेजारचं घर

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या बंदराजवळचं बूट-दुरुस्तीचं दुकान विकून टाकल्यावर थोरा आणि रास्मीपुढे एकच प्रश्न उरला: म्हातारपण कुठल्या बेटावर काढायचं? ती ऑर्कनीची, तो त्याच्याही पार वरच्या शेटलंडचा. दोघांचेही पूर्वज नॉर्वेहून होड्या हाकत आलेले, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ते पूर्वज यांच्या स्वयंपाकघरात भांडतच होते.

"तुमच्याकडे आलेले गायी पाळत बसले," रास्मी म्हणायचा. "खरे दर्यावर्दी आमच्याकडे आले."

"आले कसले, भरकटले," थोरा म्हणायची. "नॉर्वेच्या राजानं लेकीच्या हुंड्यापायी बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली, तेव्हा आधी आमचं ऑर्कनी दिलं. ते पुरेना म्हणून वर तुमचं शेटलंड. वजनाला कमी पडलं की दुकानदार एक बटाटा टाकतो ना, तसं."

शेवटी ठरलं, दोन्हीकडे पंधरा-पंधरा दिवस राहून बघायचं. नाणं उडवलं, शेटलंड आधी आलं. रास्मी बोटीवर सगळा वेळ शीळ घालत होता.

धक्क्यावर त्याची थोरली बहीण ओस्ला गाडी घेऊन उभी होती. तिनं भावाला आपादमस्तक न्याहाळलं. "पाठ सरळ कर. कान धुतलेस का? घरी गेलं की जुने कपडे घाल, जळणाची माती कापायची राहिलीय." मग थोराकडे वळून म्हणाली, "तुमच्यासाठी घर बघून ठेवलंय. माझ्या शेजारचंच. मधल्या भिंतीला दार पाडून घेऊ, म्हणजे येणं-जाणं सोपं."

रास्मीची शीळ तिथंच थांबली.

एकोणिसाव्या वर्षी रास्मी बेट सोडून का पळाला, ते थोराला चार दिवसांत उमगलं. अडुसष्ट वर्षांचा तिचा नवरा सकाळी माळावर चुलीत जाळायची ती ओली माती कापे, दुपारी मेंढ्यांमागे धावे, आणि संध्याकाळी मटणाचं सूप पिताना बहिणीकडून चमचा कसा धरायचा ते शिकून घेई. 'ऑर्कनीला जाऊ' एवढं म्हटलं की सुटका होती. पण ते म्हणायला जीभ रेटेना.

थोराला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. म्हणून तिनं शेटलंडचं कौतुक आरंभलं. "काय छान वारा आहे! ओस्ला, ते शेजारचं घर दाखव ना गं." रास्मीला सुपाचा ठसका लागला.

घर बघून झाल्यावर ओस्ला म्हणाली, "होडीत येतेस? की ऑर्कनीच्या बायकांना पाण्याची भीती वाटते?"

थोरा तिरीमिरीत होडीत बसली. गायींच्या गोठ्यात वाढलेली ती. हौसेनं म्हणून कधी होडीत चढली नव्हती. त्या दिवशी तिच्या गळाला एकदम तीन बांगडे लागले आणि ती अशी किंचाळली की खडकांवरचे सील पाण्यात पडले. दुसऱ्या दिवशी ओस्लानं हाक मारायच्या आत ती बूट चढवून दारात उभी होती.

दुसरा आठवडा संपत आला, तसा रास्मीनं तिला मेंढवाड्यामागे गाठलं. अंगभर काळी माती. "थोरा, ऑर्कनीला जाऊ या."

"काय? वाऱ्यात ऐकू येत नाही."

"ऑर्कनी चांगलं आहे!" तो ओरडला. "गायी चांगल्या आहेत! पूर्वजसुद्धा तुमचेच बरे होते!"

चाळीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. पण आनंद काही होईना. उद्या सकाळी शेवंडांचे पिंजरे टाकायला जायचं होतं.

"मला इथंच राहायचंय," ती हळूच म्हणाली.

रास्मी मातीच्या ढिगावर मटकन बसला. "आणि ओस्ला?"

"चांगली आहे की."

"तुला चांगली आहे! तुला ती कान धुतलेस का म्हणून विचारत नाही."

थोराला त्याची दया आली, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. ती त्याच्याशेजारी बसली. "समोरच्या पापा स्टूर बेटावर एक घर रिकामं आहे. होडीतून दिसलं. तिथं फेरीबोट रोज जात नाही. वारा सुटला तर मुळीच नाही."

"मुळीच नाही?" रास्मीनं मान वर केली. "चल, आत्ता बघू."

ओस्ला ते ऐकून म्हणाली, "वेडी आहात दोघं. पण अंगण चांगलं आहे तिथलं." पुढचे पंधरा दिवस ज्याच्याकडे राहायचं ठरलं होतं, त्या ऑर्कनीच्या भावाला थोरानं फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं बाई. तुमच्या खोलीत मी आजारी कोकरं ठेवलीत."

पानगळ सुरू व्हायच्या सुमारास ते राहायला गेले, पण तिथं पडायला पानंच नाहीत, एक झाड नाही. समुद्र शांत असला की ओस्ला येते, आणि दोघी मासे धरायला जातात. रेडिओवर वादळाचा इशारा ऐकून हा म्हातारा एवढा का खुलतो, हे मात्र पापा स्टूरच्या मोजक्या शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही.