सगळ्यांना हवं असलेलं शेत

तुमच्या-माझ्या गावात असा एखादा विषय निघतोच की ज्यावर प्रत्येकाचं मत असतं आणि उत्तर मात्र कुणाकडेच नसतं. त्या वाडीत तो विषय प्लॉटचा होता. वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठं उतरतं शेत होतं. त्याचे तुकडे पाडून घरं बांधायची, असा प्रस्ताव एका बिल्डरने आणला होता. नकाशाही समितीच्या खोलीत भिंतीवर लावला होता. शेताच्या जागी नुसते चौकोन, मधून रस्ते आणि कोपऱ्यात चार झाडं. ती झाडं बघून वाडीतला दुकानदार म्हणाला होता, "बघा, झाडंसुद्धा रांगेत उभी राहायला शिकली."

वाडी एवढीशी. तिची समिती पाच जणांची. समितीने होकार दिला तरच पुढची परवानगी मिळणार होती. दोघं बाजूने होते, दोघं विरोधात. पाचव्या होत्या डेअरीच्या वहिनी.

वहिनी दूध डेअरी चालवायच्या. समितीत त्या हौसेने गेल्या नव्हत्या. कुणीच तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या गळ्यात ती माळ घातली होती. आता रोज सकाळी दूध घालायला येणारा प्रत्येक जण कॅन खाली ठेवायच्या आधी आपलं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवत होता.

"वहिनी, शाळेत पोरं किती उरलीत ते बघा," दुकानदार म्हणायचा. "चार घरं वाढली तर शाळा टिकेल. माझं दुकानही चालेल, खोटं कशाला बोलू?"

"आणि पाणी?" मास्तर मागून विचारायचे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, समितीतले विरोधकांचे पुढारी. "आपल्या विहिरीचा झरा त्या शेतातून येतो. वर सिमेंट ओतल्यावर पाणी काय आभाळातून थेट घागरीत पडणार आहे? आणि हा रस्ता! समोरून टेंपो आला तर सायकलवाल्याला गटारात उतरावं लागतं."

दोघांचंही खरं होतं, तीच तर पंचाईत होती. त्यात ते शेत वहिनींच्या थोरल्या दिरांचं. सगळी वाडी त्यांना थोरले म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात होती. वहिनींच्या नवऱ्याने आपला वाटा पूर्वीच विकून दुधाचा टेंपो घेतला होता. तो या भानगडीपासून लांब राहायचा. "भावाचं आहे," तो म्हणायचा, "मी बोललो तरी वाईट, न बोललो तरी वाईट."

वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते शेत दिसायचं. भांडी घासताना नजर तिकडे जायची आणि जीव जरा सैल व्हायचा. तिथे सिमेंटच्या भिंती उभ्या राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. शेवटी एका सकाळी डेअरीवर सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "माझं मत विरोधात. शेत तसंच राहिलं पाहिजे."

मास्तरांचा चेहरा उजळला. "शाबास, वहिनी. वाडी वाचवलीत."

सगळी सकाळ लोक त्यांचं कौतुक करत होते. फक्त थोरले त्या दिवशी आले नाहीत. घरची गाय विकल्यापासून ते रोज तांब्या घेऊन डेअरीवर दूध न्यायला यायचे. वहिनींनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनीच तांब्याभर दूध घेतलं आणि त्या वरच्या घराकडे निघाल्या.

दार उघडंच होतं. आत सरकारी दवाखान्याच्या नर्सताई जमिनीवर बसून थोरल्यांच्या पायाचं ड्रेसिंग करत होत्या. त्या आठवड्यातून एकदा वाडीत यायच्या. अंगठ्याजवळची जखम चांगलीच खोल होती. वहिनींनी ती पहिल्यांदाच पाहिली. खाट माजघरातून उचलून चुलीशेजारी आणून टाकली होती, कारण थोरल्यांना उंबरा ओलांडताना आता भिंत धरावी लागत होती. मोरीत एकच ताट, एकच वाटी.

"भाऊजी, हे कधी झालं?"

"झालं कधीतरी. साखर आहे ना, भरत नाही लवकर," थोरले म्हणाले. "बस, धाकटे. दूध कशाला आणलंस? आलो असतो उद्या."

मागच्या दारातून शेत दिसत होतं. वहिनी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी ते बघत होत्या. खिडकीतून जे हिरवं दिसायचं ते पीक नव्हतं. कमरेएवढं तण माजलं होतं. बांध दोन ठिकाणी खचला होता आणि त्यातून माती वाहून गेली होती.

"तू विरोधात मत देणार म्हणे," थोरले म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं वहिनींना वाटून गेलं.

"भाऊजी, वाडीचं पाणी त्याच्यावर आहे. जाऊबाईंनी त्या बांधावर झाडं लावलीत. ते सगळं..."

"मला का ते ठाऊक नाही?" थोरले पायाकडे बघत म्हणाले. "मला तरी कुठं विकायचंय? पण मी तिथं जाऊन उभा राहू शकत नाही. माणूस लावायचा तर मिळत नाही. मुलगी म्हणते, इकडे या. रिकाम्या हाताने जायचं का तिच्याकडे?"

नर्सताईंनी पट्टीची शेवटची गाठ मारली, हात धुतले आणि मग त्या शांतपणे बोलल्या.

"वहिनी, मी बाहेरची. माझं ऐकलंच पाहिजे असं नाही. पण या वाडीत मी आठवड्याला येते आणि प्रत्येक घरात एकच ऐकते, शेत राहिलं पाहिजे. पाणी सगळ्यांचं, हिरवळ सगळ्यांची, वारा सगळ्यांचा. मग राबायचं एकट्या यांनीच का? ज्यांना शेत हवंय त्यांच्यापैकी कुणी या वर्षात बांध तरी ओलांडलाय का?"

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," वहिनी म्हणाल्या.

"खिडकीतून दिसत नव्हतं?"

दूध पातेल्यात ओतून रिकामा तांब्या घेऊन वहिनी उतरल्या. पण घरी न जाता सरळ मास्तरांकडे गेल्या.

"मास्तर, आपण पाच-सात घरं मिळून थोरल्यांचं शेत कसूया. वाट्याने. त्यांना त्यांचा हिस्सा द्यायचा आणि आळीपाळीने त्यांच्याकडे बघायचं. मग विकायची गरजच पडणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कल्पना उत्तम आहे. पण माझी पाठ तुम्हाला माहीत आहे. मी सल्ला देईन, लागेल तेव्हा."

मग वहिनी घरोघर फिरल्या. विरोधातल्या दुसऱ्या सभासदाचा मुलगा बाहेरगावी, सून एकटी. त्याच्या शेजारणीला स्वतःचंच आवरेना. वाडीतला गवंडी म्हणाला, "प्लॉट पडले तर मला काम मिळेल वहिनी, आणि तुम्ही मला फुकट खुरपायला बोलावताय?" तो हसत म्हणाला, पण त्याचंही चुकलं कुठं होतं? संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याला विचारलं. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "टेंपो उभा करून नांगर धरू? मग घर कशावर चालवायचं? तो माझा भाऊ आहे ग. मला काय वाटत नसेल?"

कुणीही वाईट नव्हतं, प्रत्येकाचं कारण खरं होतं. आणि त्या खऱ्या कारणांच्या ढिगाखाली एक म्हातारा माणूस हळूहळू दबत चालला होता. वहिनींना पहिल्यांदाच कळलं की आपल्या हातात मत आहे, पण त्या मताने करता येण्यासारखं काहीच नाही.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी होती. खोली भरून लोक दारापर्यंत उभे होते. बिल्डरचा माणूस नकाशाखाली बसला होता. थोरले शेवटच्या बाकावर, पाय लांब करून. मास्तरांनी पाण्याविषयी मुद्देसूद भाषण केलं. दुकानदाराने शाळेविषयी केलं. मग सगळे वहिनींकडे वळले.

वहिनी उठल्या.

"मत द्यायच्या आधी मला एकच विचारायचंय. शेत राहावं असं वाटणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी जो कोणी यंदा थोरल्यांबरोबर त्या शेतात राबायला तयार आहे, त्याने हात वर करावा. आठवड्यातून एक दिवस चालेल. अर्धा दिवस चालेल."

कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी मोबाइल काढला. वहिनींनी स्वतःचा हात वर केला आणि वाट पाहिली. मागून वाडीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या विधवा मावशींचा सुरकुतलेला हात वर आला. बाकी कुणाचाच नाही.

"दोन बायकांच्याने हे शेत कसून होणार नाही," वहिनी म्हणाल्या. "मग थोरल्यांना नाही म्हणायचा हक्क मला राहत नाही. माझं मत प्रस्तावाच्या बाजूने. झऱ्यावरचा तुकडा मोकळा सोडायचा, तिथे घर बांधायचं नाही, ही अट घाला. देवा, एवढं तरी पाळलं जाऊ दे!"

"वहिनी, तुम्ही शब्द फिरवलात," मास्तर ओरडले.

"फिरवला, मास्तर. तुम्ही मला शाबासकी दिलीत तेव्हा मला वाटलं आपण शेत वाचवलं. आपण फक्त थोरल्यांना अडवलं होतं."

थोरल्यांनी मान वर केली नाही. ठराव मंजूर झाला. बिल्डरच्या माणसाने अट कबूल केली. तो ती पाळेल की नाही, हे त्या खोलीत कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

मुलगी येऊन थोरल्यांना घेऊन गेली. जाताना ते गाडीत पुढे बसले आणि शेताकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले. वहिनी काचेपाशी उभ्या होत्या. "येत जा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कुठं येऊ?" थोरल्यांनी विचारलं. ते सहज विचारलं होतं त्यांनी, पण वहिनींना त्यानंतर दोन दिवस घास गेला नाही.

यंत्रं आली. बांध सपाट झाला, झाडं गेली. झऱ्यावरचा तुकडा तेवढा दोरी लावून सोडला होता. त्याच्या कडेलाच वाळूचे ढीग पडायला लागले, तेव्हा वहिनी बिल्डरच्या माणसाशी भांडल्या. ढीग हलले आणि पुन्हा आले. विहिरीचं पाणी त्या साली खाली गेलं की नेहमीसारखंच होतं, यावरून आजही वाडीत वाद होतात.

एका सकाळी मास्तर डेअरीवर आले. हातात कॅन नव्हता.

"रोज अंगणात बसून त्या शेताकडे बघत चहा प्यायचो मी," ते म्हणाले. "इतकी वर्षं. थोरले औत धरून असायचे, मी हात करायचो, ते हात करायचे. मला वाटायचं, हाच शेजार. पाठ दुखते माझी, पण चहाचा कप घेऊन बांधापर्यंत जायला काय झालं होतं मला?" त्यांनी डोळे पुसले. "वहिनी, त्या खालच्या मावशींचा जमिनीचा तुकडाही आता त्यांना झेपत नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी दोघं मावशींकडे गेले. मास्तरांच्या हातात विळा होता आणि तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच धरला असावा, अशा रीतीने धरला होता. मावशी दारात उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. "विकायला सांगायला आलात, की विकू नको म्हणायला?"

"काही सांगायला नाही आलो," वहिनी म्हणाल्या. "तण काढायला आलोय."

मावशींचा विश्वास बसला नाही. दोघं तण उपटायला लागले तरी त्या दारातूनच बघत राहिल्या.

मंडळी, आपल्या आसपासचं कितीतरी आपल्याला तसंच राहायला हवं असतं. कुणाचं शेत, कुणाची बाग, कुणाचं जुनं घर. ते विकलं जायची वेळ आली की आपण सभा भरवतो, पाण्याच्या आणि झाडांच्या नावाने गळा काढतो, आणि ते चुकीचंही नसतं. पण ज्या गोष्टीचं सुख आपण सगळे घेतो, तिचं ओझं एकट्या माणसाने वाहायचं आणि तो थकला की आपण त्याला नाही म्हणायचं, हा अन्याय आहे. आणि तो करणारे तुमच्या-माझ्यासारखे भलेच लोक असतात. राखायचं असेल तर आधी खांदा द्यावा लागतो, आणि तो वेळेवर द्यावा लागतो. त्या वाडीला हे कळलं तेव्हा थोरल्यांच्या शेतावर पहिल्या घराचा पाया खणून झाला होता.