दोन खड्ड्यांचं अर्थिंग

निशिगंधाने खडूने फरशीवर एक गोल काढला, हातभर अंतरावर दुसरा काढला आणि उकिडवी बसून दोन्हींकडे टक लावून बघत राहिली. मागे शेव तळायचं मशीन घरघरत होतं. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमध्ये तिचे वडील, चिंतामणराव, नमकीन बनवत आणि तिथली वायरिंगही स्वतःच सांभाळत. उद्या तिची इलेक्ट्रिशियनच्या लायसन्सची तोंडी परीक्षा होती. मागच्या खेपेला ती एकाच प्रश्नावर गारद झाली होती, म्हणून आज वडीलच परीक्षक झाले होते.

"बोल. प्रत्येक मशीनला अपना अपना अर्थिंगचा खड्डा आहे. मग बॉडीला बॉडी जोडायचं बॉन्डिंग कशाला?"

घोकलेलं उत्तर ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. खडू एका गोलावरून दुसऱ्यावर गेला, परत आला. मग ती ताडकन उठली.

"समजलं! अरे भिया, समजलं!"

"बापाला भिया म्हणतेस? मी काय भाऊ तुझा?"

"ऐका तर! या मशीनमध्ये फॉल्ट आला, तर करंट आपल्या खड्ड्यात जाईल, पण तोवर बॉडीवर व्होल्टेज चढणार. दुसऱ्याचा खड्डा अलग, त्याची बॉडी जीरो. अन् कोणाचा एक हात इकडे, एक तिकडे असला, तर करंट त्याच्यातूनच जाणार! दोन्ही बॉडी तारेने जोडल्या की चढतील तरी सोबत चढतील. बीचमधल्या माणसाला काहीच नाही. कितना सिंपल आहे, बाबा!"

तिला इतका आनंद झाला होता की पाय जागेवर ठरेनात. वर्षभर डोक्यात नुसते शब्द खडखडत होते, आज त्यातून विजेची वाट दिसली होती. चिंतामणरावांनीही टाळी दिली.

"पास! आता परीक्षक उलटा टांगला तरी तुला अडवत नाही."

"आपलं पॅकिंग मशीन कुठे जोडलंय, बाबा?"

"ते एकदम अलग! डीलर बोलला होता, जुन्यात मिक्स करू नका. मी स्वतः खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून. सगळ्यांना बोलावून दाखवला होता की..."

वाक्य तिथेच अडलं. दोघांची नजर एकाच वेळी शेडच्या त्या टोकाला गेली. तिथे तिची आई, सुनीता, नेहमीसारखी उभी होती. डावा हात तळणीच्या मशीनच्या कडेवर, उजवा पॅकिंगच्या मशीनवर.

चिंतामणराव मेन स्विचकडे चालू लागले. मग पळालेच.

"सुनीता, हात काढ. दोन्ही हात."

"काय झालं? संध्याकाळची ऑर्डर आहे!"

खटका खाली आला. दोन्ही मशीनं थांबली आणि गरम तेलाचं चुरचुरणं एकदम मोठं ऐकू यायला लागलं.

"अहो, घाणा करपेल ना!"

या माणसाने आजवर मूठभर शेव वाया जाऊ दिली नव्हती. त्याने कपाटातून तांब्याची पट्टी आणि पाना काढला आणि ते लेकीच्या हातात ठेवले.

"करपू दे," तो म्हणाला.